सर्वधर्मीय संवादाला पहिल्यांदा जाताना

सर्वधर्मीय बैठकीला पहिल्यांदा निघालेल्या माणसाच्या मनात बहुतेक वेळा दोन भीती असतात. आपल्या धर्माबद्दल कुणी काही विचारलं आणि सांगता आलं नाही तर? आणि आपल्या तोंडून कुणाला लागेल असं काही निघून गेलं तर? दोन्ही भीती रास्त आहेत. बरीच वर्षं मी अशा बैठकींना जाते आहे, काही भरवल्याही आहेत, तरी आदल्या रात्री थोडी धाकधूक होतेच. पण एवढ्या वर्षांनंतर एक गोष्ट खात्रीने सांगते. तिथे तुमच्याकडून पांडित्याची अपेक्षा नसते. समोरच्याचं म्हणणं तुम्ही तुमच्या शब्दांत त्यालाच सांगितलं आणि ते ऐकून तो “हो, असंच” म्हणाला, की तुमची बैठक सार्थकी लागली.

बैठक कोणत्या प्रकारची, ते आधी विचारा

“सर्वधर्मीय कार्यक्रम” या एका नावाखाली फार वेगवेगळ्या गोष्टी चालतात. कुठे व्यासपीठावर प्रत्येक धर्माचा एकेक वक्ता असतो आणि बाकीचे श्रोते. कुठे आठ-दहा जण गोलात बसून एका विषयावर आपापलं सांगतात. कुठे दोन-तीन धर्मांच्या ग्रंथांतले छोटे उतारे शेजारी शेजारी ठेवून एकत्र वाचतात. कुठे बोलणं फारसं नसतंच, सगळे मिळून रक्तदान किंवा पूरग्रस्तांसाठी मदत गोळा करतात. नवख्याने गोलातल्या गप्पांपासून सुरुवात करावी असं माझं मत आहे. भाषणांत माणूस भेटत नाही, आणि ग्रंथवाचनाला थोडी सवय लागते. कुठून सुरुवात करावी हे कळत नसेल तर फेब्रुवारीचा पहिला आठवडा लक्षात ठेवा. संयुक्त राष्ट्रांनी २०१० साली हा आठवडा आंतरधर्मीय सौहार्दासाठी जाहीर केला, आणि तेव्हापासून या दिवसांत अनेक देशांत सगळ्यांना खुले कार्यक्रम होतात.

आयोजकांना एक प्रश्न मात्र न लाजता विचारा: कार्यक्रमात प्रार्थना आहे का, आणि असली तर ती कशी? हा फरक महत्त्वाचा आहे. २७ ऑक्टोबर १९८६ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी इटलीतल्या असिसी इथे जगभरच्या धर्मप्रमुखांना शांततेसाठी बोलावलं, तेव्हा आधी प्रत्येक धर्माच्या लोकांनी वेगवेगळ्या जागी आपापल्या पद्धतीने प्रार्थना केली. मग सगळे एका चौकात जमले आणि तिथे एकेकाने आपली प्रार्थना म्हटली, बाकीच्यांनी शांतपणे ऐकली. म्हणजे सगळे प्रार्थनेसाठी एकत्र आले होते, पण सगळ्यांनी मिळून एकच प्रार्थना म्हटली नव्हती. काहींना दुसऱ्याच्या प्रार्थनेत सूर मिसळायला आनंद वाटतो, काहींच्या श्रद्धेत ते बसत नाही. तुम्ही दुसऱ्या गटातले असाल तर तसं आधी कळवा. दुसऱ्याची प्रार्थना चालू असताना आदराने गप्प उभं राहणं पुरेसं असतं, आणि त्यात कुणाचाही अपमान होत नाही.

घरून काय तयारी करावी

इथे बहुतेकांची गल्लत होते. लोक दुसऱ्यांच्या धर्मांवरची माहिती वाचून जातात, आणि मग तिथे समोरच्या माणसाला त्याचाच धर्म समजावून सांगू लागतात. त्यापेक्षा आपल्याच घरात डोकवा. एक कागद घ्या आणि तीन गोष्टी लिहा. तुम्ही स्वतः नेमाने करता अशी एक गोष्ट. तुम्ही मनापासून मानता, पण तर्काने पटवून देता येणार नाही अशी एक गोष्ट. आणि आपल्या धर्मातली अशी एक गोष्ट, जिच्याबद्दल तुमच्या स्वतःच्या मनात अजून प्रश्न आहे.

तिसरी गोष्ट सगळ्यांत अवघड, आणि बैठकीत सगळ्यांत जास्त उपयोगी पडणारी. मी ती पहिल्यांदा लिहायला बसले तेव्हा तासभर कागद कोराच राहिला. रोज संध्याकाळी देवापाशी दिवा लावते, पण दिवा लावताना मनात नेमकं कोण असतं, हे मला धड सांगता येत नव्हतं. शेवटी तेच लिहिलं. पुढे बैठकीत ते वाचून दाखवलं तेव्हा एक ख्रिस्ती आजोबा म्हणाले, “चाळीस वर्षं रोज प्रार्थना करतोय. मलाही सगळ्याच दिवशी सांगता येत नाही.” त्यानंतर आम्ही दोघं जे बोललो, ते कुठल्याही पुस्तकी तयारीने झालं नसतं.

वेगवेगळ्या श्रद्धांची माणसं एकाच घरात नांदू शकतात, ही कल्पना मराठीत जुनी आहे. जोतीराव फुले यांच्या निधनानंतर १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शेवटच्या पुस्तकात असं एक कुटुंब आहे. त्यात बाई बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी, म्हणजे जोतीरावांनी मांडलेला सत्यधर्म मानणारा. आणि सगळ्यांनी एकमेकांचा हेवा न करता प्रेमाने राहावं, असं जोतीराव सांगतात. संत नामदेवांची ६१ पदं शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात आहेत, हेही आपल्यातल्या अनेकांना ठाऊक नसतं. शीख माणसाशी बोलायला सुरुवात करायची असेल तर याहून सुंदर धागा मला माहीत नाही.

निघताना

कपडे साधे, अंग झाकणारे असावेत. बैठक प्रार्थनास्थळात असेल तर बूट कुठे काढायचे आणि डोकं झाकायचं का, हे फोनवर विचारून घ्या. गुरुद्वारात स्त्री-पुरुष दोघांनीही डोकं झाकायचं असतं आणि तंबाखू, विडी-सिगारेट खिशातसुद्धा नेत नाहीत. जैन मंदिरात चामड्याचा पट्टा आणि पाकीट बाहेर ठेवावं लागतं. हस्तांदोलनाची घाई करू नका. काही मुस्लिम आणि काही ज्यू व्यक्ती परक्या स्त्रीशी किंवा पुरुषाशी हात मिळवत नाहीत. समोरच्याने हात पुढे केला तर हात मिळवा, नाहीतर छातीवर हात ठेवून किंवा हात जोडून किंचित वाकलं की भागतं.

ग्रंथ सोबत नेणार असाल तर तो जमिनीवर किंवा खुर्चीवर ठेवू नका. तुमच्या घरी चालत असेल, पण शेजारी बसलेल्याच्या डोळ्यांना ते टोचतं. त्यांचा ग्रंथ हातात घेण्यापूर्वीही विचारा. अनेक मुस्लिम वुजू, म्हणजे नमाजाआधी हात-तोंड-पाय धुतात ते, केल्याशिवाय कुराणाला हात लावत नाहीत. तोरा या आपल्या धर्मग्रंथाची हस्तलिखित गुंडाळी वाचताना ज्यू लोक बोट टेकवत नाहीत, त्यासाठी एक छोटी दर्शक काडी असते. शिखांसाठी गुरू ग्रंथ साहिब हेच गुरू आहेत, त्यामुळे तो इतर पुस्तकांसारखा टेबलावर आणून उघडण्याचा प्रश्नच येत नाही.

बोलताना “मी”

गोलात तुमची पाळी आली की “आमच्यात असं असतं” या शब्दांनी सुरुवात करायचा मोह होईल. तो टाळा. “आमच्यात” म्हटलं की तुम्ही कोट्यवधी लोकांचे वकील होता, आणि तुमच्याच धर्माचा शेजारी मनात म्हणतो, आमच्या घरी तर असं काही नसतं. “मी असं करते”, “माझ्या आईने मला असं शिकवलं”, “मला यातून हे मिळतं” अशी वाक्यं कुणी खोडून काढू शकत नाही, कारण ती तुमची आहेत. दोन-तीन मिनिटांत थांबा. न थांबता दहा मिनिटं बोललेलं कुणाच्याच लक्षात राहत नाही.

आता एका वाक्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण ते जवळजवळ प्रत्येक बैठकीत ऐकू येतं आणि अत्यंत चांगल्या मनाने म्हटलं जातं: “शेवटी सगळे धर्म एकच सांगतात.” किंवा त्याचंच भावंड, “आपण सगळी एकाच देवाची लेकरं.” एका बैठकीत सुरुवातीलाच कुणीतरी हे म्हटलं, टाळ्या पडल्या, आणि माझ्या डावीकडच्या बौद्ध बाई आणि समोरचे जैन गृहस्थ दोघंही गप्प झाले. मध्यंतरात त्या बाई मला हळूच म्हणाल्या, “आम्ही सृष्टी निर्माण करणारा देव मानतच नाही. मग मी कुणाची लेकरू?” जैन दर्शनातही सृष्टीचा कर्ता मानलेला नाही. एका उदार वाक्याने दोन माणसं गोलाच्या बाहेर गेली होती, आणि ते वाक्य म्हणणाऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता.

सगळं एकच आहे म्हटलं की विचारायला काही उरत नाही. ज्याचा फरक त्याला प्राणाहून प्रिय आहे, त्याला तो फरक मांडायला जागाच राहत नाही. मुस्लिम माणसाला ईश्वराचं एकत्व, ख्रिस्ती माणसाला येशूचं क्रूसावरचं मरण, जैन माणसाला अहिंसेचा सूक्ष्म विचार, या गोष्टी वरवरच्या साली वाटत नाहीत. तोच त्यांचा गाभा आहे. शिकागोच्या १८९३ च्या सर्वधर्म परिषदेतलं स्वामी विवेकानंदांचं पहिलं भाषण आपल्याला शाळेपासून माहीत असतं. पण समारोपाच्या दिवशी, २७ सप्टेंबरला, ते काय बोलले याची आठवण कमी काढली जाते. ख्रिस्त्याने हिंदू किंवा बौद्ध व्हायचं नाही, हिंदूने किंवा बौद्धाने ख्रिस्ती व्हायचं नाही. प्रत्येकाने दुसऱ्याचं सत्त्व आपल्यात मुरवून घ्यावं आणि तरी आपलं वेगळेपण राखून आपल्या नियमाने वाढावं, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. बैठकीला जाण्याआधी मला ते दुसरं भाषण जास्त उपयोगी वाटतं.

सारखेपणा दिसलाच तर तो लहान करून सांगा. “तुमच्या उपवासाचं ऐकून मला माझ्या आजीची एकादशी आठवली” हे खरं आणि पुरेसं आहे.

ऐकताना आणि विचारताना

स्वीडनमधले बिशप आणि बायबलचे अभ्यासक क्रिस्टर स्टेंडाल यांनी १९८५ साली तीन नियम सांगितले होते. दुसऱ्याचा धर्म समजून घ्यायचा तर तो पाळणाऱ्यांना विचारा, त्याच्या विरोधकांना नको. आपल्यातल्या उत्तमाची तुलना त्यांच्यातल्या वाईटाशी करू नका. आणि त्यांच्याकडे आहे ते आपल्याकडेही असतं तर, असं वाटायला मनात जागा ठेवा. तिसऱ्याला ते पवित्र हेवा म्हणत. मला तिसरा नियम सगळ्यांत कठीण वाटत असे, पण आता तोच सगळ्यांत जवळचा वाटतो. मशिदीत अनोळखी माणसं खांद्याला खांदा लावून एका ओळीत उभी राहतात, ते पाहिलं की मला तो हेवा वाटतो.

प्रश्न कसा विचारावा, याचं एक उदाहरण जवळून सांगते. रमजाननंतर झालेल्या एका बैठकीत माझ्या शेजारी कॉलेजात शिकणारी एक मुस्लिम मुलगी होती. तिला आधी तिघांनी एकच विचारलं होतं: दिवसभर पाणीसुद्धा नाही, त्रास होत नाही का? ती हसून “सवय होते” म्हणत होती. मी विचारलं, “तुला स्वतःला रोज्यात सगळ्यांत अवघड काय जातं?” ती थोडा वेळ थांबली. मग म्हणाली, “भुकेचं सगळे विचारतात, काकू. मला अवघड जातं ते राग गिळणं. रोजा असताना भांडले तर दिवस वाया गेल्यासारखं वाटतं.”

मग सूत्रधाराने नेहमीप्रमाणे सांगितलं की शेजारच्याचं म्हणणं आता तुम्ही सगळ्यांना सांगा. मी आत्मविश्वासाने म्हटलं, “ही गरिबांची भूक कळावी म्हणून रोजे ठेवते, आणि त्यात रागावर ताबा ठेवायला शिकते.” तिने मान हलवली, पण चेहऱ्यावर “हो” नव्हतं. सूत्रधाराच्या ते लक्षात आलं. “काही राहिलं का?” ती म्हणाली, “गरिबांचं काकूंनी घातलं. ते खरंच आहे, पण मी तसं म्हटलं नव्हतं. मी ठेवते ते अल्लाहने सांगितलंय म्हणून. बाकीचं त्यातून मिळतं.” कुठेतरी वाचलेलं कारण मी तिच्या तोंडी घातलं होतं. मला समजायला सोपं जाईल असं कारण. मी पुन्हा सांगितलं, या वेळी तिच्याच क्रमाने, आणि ती म्हणाली, “हो, असंच.”

हा परत सांगण्याचा सराव तुमच्या बैठकीत नसेल, तर स्वतःहून करा. “मी नीट ऐकलं का बघा, तुम्ही म्हणालात की…” इतकं म्हटलं तरी चालतं.

टाळायचे प्रश्न ओळखण्याची एक खूण आहे. “तुमच्यातले लोक असं का करतात?” या प्रश्नात समोरच्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलेलं असतं. जगात कुठे काही घडलं की त्याचा जाब तिथे बसलेल्या एकट्या मुस्लिमाला, एकट्या ज्यूला किंवा एकट्या हिंदूला विचारायचा, हे अन्यायाचं आहे. “हे तुम्ही कसं पाहता?” असं विचारा, आणि “मला यावर बोलायचं नाही” हे उत्तर हसतमुखाने घ्या.

शब्दांचंही भान ठेवा. ज्यू लोक आपल्या ग्रंथाला “जुना करार” म्हणत नाहीत. ते ख्रिस्ती नाव आहे, त्यांचं नाव तनाख. पारशी लोकांना “अग्निपूजक” म्हटलेलं आवडत नाही. अग्नी त्यांच्यासाठी पवित्र प्रतीक आहे, उपासना अहुर मझ्दा या ईश्वराची. शिखांना हिंदूंचा एक पंथ म्हणू नका. आणि गोलात कुठलाच धर्म न मानणारा कुणी असेल तर त्यालाही तितक्याच गंभीरपणे विचारा की तुम्ही कशाच्या आधारावर जगता. मला मिळालेली काही अतिशय प्रामाणिक उत्तरं त्यांच्याकडूनच मिळाली आहेत.

काही लागलंच तर

कधीतरी कुणीतरी तुमच्या श्रद्धेबद्दल चुकीचं किंवा दुखावणारं बोलेल. लगेच खुलासा करायची घाई करू नका. “हे मला लागलं” इतकंच आधी म्हणा आणि एक श्वास घ्या. मग का लागलं ते सांगा. तुमच्याकडून कुणी दुखावलं गेलं तर “माझा हेतू तसा नव्हता” हे वाक्य मागाहून येऊ द्या; आधी माफी मागा आणि त्या माणसाला बोलू द्या. वाद दोघांतच पेटला तर सूत्रधाराला थांबवू द्या, ते त्याचं कामच आहे.

कुणी तुम्हाला आपल्या धर्मात येण्याचा आग्रह करू लागलं तर नम्रपणे, स्पष्टपणे नकार द्या आणि आयोजकांना सांगा. आपली श्रद्धा उत्कटतेने मांडणं वेगळं, समोरच्याला ओढणं वेगळं. आणि फोटो कुणाचाही न विचारता काढू नका. घरच्यांना न सांगता आलेली माणसं मी पाहिली आहेत. तुमच्या फोनमधल्या एका फोटोची किंमत त्यांना घरी मोजावी लागू शकते.

स्वतः भरवायची झाली तर

दोन-चार बैठकींनंतर तुम्हाला हे करावंसं वाटेलच. आठ ते दहा माणसांचा एक गोल पुरे. शुक्रवारची दुपार, रविवारची सकाळ, आणि शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंतचा ज्यूंचा शब्बाथ सोडून वेळ ठरवा. रमजान दर वर्षी साधारण ११ दिवस आधी येतो, म्हणून गेल्या वर्षीचं वेळापत्रक तसंच उचलू नका. सूर्यास्ताच्या सुमाराला जेवण असेल तर एक गोष्ट पाहा: रोजा असलेल्याचं जेवण तेव्हा सुरू होतं आणि रात्री न जेवणाऱ्या जैनाचं तेव्हा संपलेलं असावं लागतं. आम्ही अर्धा तास आधी एकदा आणि सूर्यास्ताला पुन्हा असं दोनदा वाढतो. जेवण शाकाहारी, कांदा-लसूण आणि कंदमुळं नसलेलं ठेवलं की बहुतेकांना चालतं, तरी कोशर, म्हणजे ज्यूंचे खाण्याचे नियम, पाळणाऱ्यांना वेगळं विचारावं लागतंच. प्रत्येक पदार्थापुढे त्यात काय आहे ते लिहून ठेवा. मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्तानंतरच्या, नमाजासाठी एक स्वच्छ, शांत कोपरा आणि मक्केची दिशा आधी पाहून ठेवा.

आणि कोण आलं नाही, ते बघा. १८९३ च्या परिषदेत जैनांची बाजू वीरचंद गांधी यांनी आणि बौद्धांची अनागारिक धर्मपाल यांनी मांडली, पण इस्लामबद्दल बोलायला मोहम्मद अलेक्झांडर रसेल वेब हे एक अमेरिकन नवमुस्लिम तेवढे होते, आणि शीख कुणीच नव्हते. जे गोलात नाहीत त्यांच्याबद्दल बाकीच्यांनी बोलत बसायचं, असं होऊ देऊ नका. पत्र पाठवून भागत नाही. जाऊन भेटावं लागतं, कधी दोन-तीनदा.

बैठकीनंतर

त्याच रात्री, ज्याच्याशी बोललात त्याला दोन ओळी पाठवा. त्याने सांगितलेली एखादी नेमकी गोष्ट त्यात लिहा. पुढे कधी तो तुम्हाला आपल्या प्रार्थनास्थळी बोलावेल. जा, पण आधी विचारून घ्या. कॅथलिक चर्चमध्ये पवित्र भाकरीचा संस्कार त्यांच्या सभासदांसाठीच असतो, तेव्हा रांगेत न जाता जागेवर बसून राहा, कुणी वाईट मानत नाही. गुरुद्वारात कडाह प्रसाद दोन्ही हातांची ओंजळ करून घ्या. मशिदीत नमाज पढणाऱ्याच्या अगदी पुढून जाऊ नका. सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, शब्बाथच्या प्रार्थनेला जाल तर वही-पेन आणि फोन बाहेरच ठेवा, त्या दिवशी लिहिणंही वर्ज्य असतं. आणि पारशी मित्राला अग्यारीत नेण्याची गळ घालू नका. आतल्या अग्नीचं दर्शन इतरांना खुलं नसतं, आणि नाही म्हणताना त्यालाच वाईट वाटतं. त्यापेक्षा त्याला विचारा, आत गेल्यावर तू पहिल्यांदा काय करतोस. मग तो सांगत असताना मध्ये बोलू नका.